भिंतीला फुटलेला पान्हा

तलावाच्या कडेला माणसं होती एकशे सतरा. त्यातली एक्केचाळीस खुर्च्यांवर, दोन चाकांच्या खुर्चीत आणि उरलेली चौऱ्याहत्तर उभी. रिकाम्या बाटल्या त्र्याण्णव, झाकणाचे डबे अठ्ठावीस, चहाची किटली एक. पाण्यात उतरलेलं माणूस एकही नाही.

ही मोजदाद पंपघराच्या खिडकीतून चालली होती. मोजणाऱ्याला क्लबात सगळे पान्हेवाला म्हणत. गेली चौदा वर्षं तो या पोहण्याच्या तलावाचं पाणी गाळत होता आणि समोर दिसेल ते मोजून वहीत लिहायची त्याला सवय होती. पाण्याचं तापमान, गाळणटाकीवरच्या दाबाचा काटा, पाण्यात उतरलेली माणसं. आज 'उतरलेली माणसं' या रकान्यात शून्य होतं, आणि 'नुसती बघायला आलेली' असा रकाना वहीत नव्हता.

पाचला चार मिनिटं कमी असताना जलदादा आले. पांढरी विजार, बाह्या नसलेला पांढरा सदरा, उघडे दंड. उथळ बाजूच्या कडेला बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि समोरच्या एकशे सतरा चेहऱ्यांकडे असं पाहिलं, जणू प्रत्येकाचं दूधखातं त्यांच्याकडेच होतं.

"पाण्याला कान असतात," जलदादा म्हणाले. "तुम्ही त्याला शिव्या घाला, ते गढूळ होतं. मी काय करतो? मी फक्त विचारतो, बाई गं, कशी आहेस? विज्ञान सांगतं, माणूस सत्तर टक्के पाणी आहे. उरलेले तीस टक्के काय? विज्ञान गप्प! मी सांगतो. उरलेली तीस टक्के शंका आहे. शंका काढा, शंभर टक्के पाणी व्हाल!"

शंका काढली की माणूस पातळ होतो, हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

"आता सगळ्यांनी बेंबीच्या देठापासून घुमायचं. घुंऽऽ!"

एकशे सतरा गळे घुमू लागले. जलदादांनी डोळे मिटले, वाकून उजवा तळवा पाण्याखालच्या भिंतीला लावला. गाळलेलं पाणी तलावात परत सोडणारी चार गोल तोंडं त्या भिंतीत होती. तळवा उथळ बाजूच्या तोंडाशेजारी टेकला. क्लबाच्या घड्याळाचा काटा पाचवर आला.

आणि तोंडातून दूध आलं.

आधी एक पांढरा धागा, मग वाटीभर ढग. निळ्याशार पाण्यात तो उमलला, पसरला आणि सावकाश तळाशी बसू लागला. मिनिटभरात सगळं थांबलं.

"भिंतीला पान्हा फुटला गं बाई!" किटलीवाली म्हातारी ओरडली. ती रोज हेच ओरडे आणि रोज तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी येई.

पंपघरात पान्हेवाल्याच्या हातातही एक पान्हा होता, सतरा नंबरचा. चौदा वर्षांत या पान्ह्याकडे कोणी डोळे भरून पाहिलं नव्हतं.

त्याची जळजळ आणखी एका कारणासाठी होती. जलदादा त्याचा साडू होता.

*

साडू हे नातं देवाने कशासाठी निर्माण केलं ते कळत नाही. बहुतेक सासूला तुलना करायला सोपं जावं म्हणून. पान्हेवाल्याच्या सासूबाईंना दोन मुली आणि म्हणून दोन जावई. थोरला बोलका, धाकटा कामसू. बोलक्याला घरातली पाठ टेकायची खुर्ची मिळे, कामसूला नळ गळतोय असं सांगण्यात येई.

थोरला पूर्वी विमा विकायचा. ती नोकरी गेल्यावर तो मन शांत करायला तलावाकाठी येऊन बसू लागला. त्याच सुमारास पाण्याला हिरवी झाक आली. पान्हेवाला तीन दिवस राबला. औषध टाकलं, टाकी धुतली, नवी भुकटी भरली. चौथ्या दिवशी तळाशी पडलेली टाचणी दिसावी इतकं पाणी नितळ झालं. त्या चारही दिवशी साडू पाण्यात पाय सोडून बसला होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी, तशी ती गाठ पडली. पोहायला येणाऱ्या बायका साडूलाच म्हणाल्या, "दादा, तुम्ही बसायला लागलात आणि पाण्याचं रूपच पालटलं हो!"

साडू नाही म्हणाला नाही. नुसता हसला.

त्यानंतर चार दिवसांनी भिंतीतून दूध आलं. आयत्या बिळावर नागोबा बसला तो बसलाच.

"मी तीन दिवस टाकीत डोकं घालून बसलो, आणि नाव त्याचं!" ती एकशे सतरा माणसं मोजली त्या संध्याकाळी पान्हेवाला घरी येऊन म्हणाला.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुम्ही जळता भाऊजींवर."

"मी कशाला जळू?"

"तिकडे ते जलदादा, इकडे तुम्ही जळदादा. आरशात बघा जरा, धूर निघतोय कानातून."

"तो खोटारडा आहे."

"असेल. पण त्यांच्या भुकटीने आईला बरं वाटतंय. कालपासून तर तिने तिचा पंपही बंद केलाय."

पान्हेवाल्याच्या हातातला पेला तसाच राहिला. सासूबाईंना तीस वर्षांचा दमा होता. दम्याच्या फवाऱ्याला घरात सगळे पंपच म्हणत. तो त्यांच्या उशाशी असे, पदराशी असे. पंपाशिवाय त्या जिन्याची चौथी पायरी चढत नसत.

"बंद केला? डॉक्टरांना विचारलं?"

"भाऊजी म्हणाले, दोन्ही एकदम चालत नाही."

तो तसाच उठून सासूबाईंकडे गेला. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. तळाशी बसलेलं ते दूध जलदादांचे भक्त नळीने ओढून फडक्यात गाळत, गच्चीवर वाळवत, चाळत आणि पुड्या बांधत. पुडीवर छापील चिठ्ठी असे: 'जलकृपा. वजन २० ग्रॅम.' सासूबाई पुडी आणली की गोल डब्यात रिकामी करत आणि पुडीचा कागद घडी घालून जपून ठेवत. आत्ता त्यांनी चिमूट नाकाशी नेली, खोल श्वास ओढला आणि खोकल्या. बराच वेळ खोकल्या.

"आई, हे काय चाललंय?"

"खोकला येतो म्हणजे आतलं सुटतंय," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "दादांनी सांगितलंय. बसा ना. नाही, ती खुर्ची नको, ती थोरल्यांची. ते येतीलच इतक्यात."

पान्हेवाला स्टुलावर बसला. पुढची वीस मिनिटं सासूबाईंच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि त्याला ऐकू येत होतं ते फक्त 'ती थोरल्यांची' एवढंच.

*

मत्सर माणसाचे डोळे बंद करत नाही. उलट ते टक्क उघडे ठेवतो, फक्त भलत्याच जागी रोखून धरतो.

पान्हेवाल्याची खात्री होती की साडूच्या हातातच काहीतरी आहे. बोटांमध्ये लपवलेली गोळी, अंगठीत भरलेली पूड, नखाखालची चिमूट. आपल्या टाकीतून असलं काही येणं शक्य नाही, हे तर त्याच्यालेखी सूर्याइतकं स्वच्छ होतं. त्याची टाकी, त्याचे गाळणपडदे, चौदा वर्षं आणि एकही चूक नाही.

पुढच्या सोमवारी, पाचला दोन मिनिटं असताना तो गर्दीत घुसला.

"थांबा! आधी हात दाखवा."

गर्दी चपापली. जलदादांनी शांतपणे दोन्ही हात पुढे केले. पान्हेवाल्याने बोटं उलटीसुलटी करून पाहिली, नखं पाहिली, बगलेत पाहिलं. किटलीवाली म्हणाली, "आता दातही मोज बाबा, बैलबाजारात आल्यासारखा!" लोक खदखदून हसले.

हातात काही नव्हतं. जलदादांनी तो रिकामा, ओला, तपासलेला हात भिंतीला लावला. घुंऽऽ झालं. पाच वाजले. दूध आलं.

"साडूबुवा," जलदादा मायेने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मायेने, "तुमच्यावर माझा राग नाही. यंत्रापाशी राहून राहून माणूस यंत्र होतो. उद्यापासून तुम्हीही एक पुडी घ्या."

टाळ्या पडल्या. त्या दिवशी पान्हेवाल्याने वहीत माणसं मोजली नाहीत.

*

गुरुवारी पाणी तपासायला तपासनीस बाई आल्या. वयाने लहान, बोलायला मोजक्या. दर गुरुवारी त्या चार बाटल्या भरून नेत. या वेळी त्यांनी तळाशी बसलेल्या भुकटीची एक चिमूटही उचलली, पंपघरातल्या टेबलावर आपला छोटा सूक्ष्मदर्शक मांडला आणि काचेवर थेंब ठेवला.

"काका, बघा."

पान्हेवाल्याने डोळा लावला. गोल तबकड्या होत्या, त्यांना ओळीत बारीक भोकं. होड्या होत्या. फण्या होत्या. काही मोडलेल्या, काही एखाद्या कसबी सोनाराने कोरल्यासारख्या अखंड. सगळ्या काचेच्या.

"हे काय आहे?"

"शेवाळाचे सांगाडे. पाण्यात एक अगदी बारीक शेवाळ असतं, ते स्वतःभोवती काचेचं कवच बांधतं. मेल्यावर कवचं तळाशी साठतात. लाखो वर्षांनी त्यांची माती होते. भोकं बघा ना. म्हणून तर ती पाणी इतकं छान गाळते." बाईंनी दुसरी काच ठेवली. "आता हे बघा."

तशाच तबकड्या, तशाच होड्या.

"हे कुठलं?"

"तुमच्या त्या कोपऱ्यातल्या पोत्यातलं."

पान्हेवाल्याने मान वळवली. कोपऱ्यात गाळणमातीचं पोतं उभं होतं. वर्षानुवर्षं तो त्यातून साडेतीन किलो भुकटी मोजून घेई, बादलीत कालवी आणि तलावाच्या काठच्या गाळपेटीत ओती.

"तुमच्या टाकीत काही फाटलंय का?" बाईंनी विचारलं.

"चौदा वर्षांत माझ्या टाकीतून एक कण..."

"काका, मी चौदा वर्षं नाही विचारली. पडदा विचारला."

त्याची नजर टाकीकडे गेली. बाई सामान आवरू लागल्या. जाता जाता त्यांनी पोत्यावरची लाल अक्षरं बोटाने दाखवली. "लोक ही पाण्यात भिजलेली घेऊन जातात तोवर ठीक. कोणी वाळवून हुंगत तर नाही ना? ही भट्टीत भाजलेली असते. कोरडी धूळ छातीत गेली की तिथेच बसते, बाहेर येत नाही. तुम्ही स्वतः पोतं उघडताना मुखपट्टी लावता, हो ना?"

तो लावत होता. न चुकता, चौदा वर्षं.

बाई गेल्यावर त्याने पंप बंद केला, दाब उतरवला, सतरा नंबरचा पान्हा घेतला आणि टाकीचा पट्टा सोडला. कमरेइतक्या उंच टाकीत आठ पडदे होते. प्लॅस्टिकच्या वाकवलेल्या चौकटी, त्यांवर ताणून बसवलेलं घट्ट कापड. त्याने एकेक बाहेर काढून उजेडाकडे धरला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, चारही नीट. पाचव्यातून सूर्य आत आला.

फट करंगळीएवढी होती. तिच्या दोन्ही बाजूंना कापडावर बारीक समांतर ओरखडे. तारेच्या ब्रशचे.

तो टाकीच्या कडेला बसला. हे ओरखडे कोणाचे ते त्याला विचारावं लागलं नाही.

वर्षातून एकदा पडदे बाहेर काढून रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत घालायचे, मग नळीने हलक्या हाताने धुवायचे. कापडाला ब्रश लावायचा नाही. हा पहिला धडा. त्याने स्वतः दोन जणांना तो शिकवला होता. पण यंदा, दूध यायच्या आदल्या दिवशी, सासूबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सकाळी पडदे धुवायचे राहिले होते, आणि त्याला काहीही करून साडूच्या आधी पोचायचं होतं. त्याने नवा टेबलपंखा घेतला होता. थोरल्याने येऊन खुर्ची पटकावण्याआधी तो पंखा सासूबाईंच्या समोर फिरायला हवा होता. भिजवायला रात्र कुठली? त्याने तारेचा ब्रश घेतला आणि आठ पडदे तासाभरात घासून काढले. अर्धा तास आधी पोचला. पंखा फिरला. मग साडू आला, हातात एक फूल, आणि सासूबाई पंख्याकडे पाठ करून त्याच्याशी बोलत बसल्या.

आणि त्याच जेवणात, साडूने कधी नव्हे ते त्याच्या कामाची चौकशी केली म्हणून हुरळून जाऊन, त्यानेच छाती फुगवून सांगितलं होतं, "दुपारी बाराला पंप बंद, पाचला सुरू. तुमचं घड्याळ लावून घ्या माझ्या पंपावर!"

साडूने लावलं होतं.

पान्हेवाल्याला एकदम हसू आलं आणि लगेच रडूही. ज्याच्यावर तो आठ आठवडे जळत होता, तो चमत्कार त्याच्याच जळण्यातून निघाला होता.

नवा पडदा कपाटात होता. तो बसवायचा, टाकी बंद करायची, कोणाला काही सांगायचं नाही. उद्या पाचला दूध येणार नाही. जलदादांची जिरेल. चौदा वर्षं शाबूत राहतील. त्याने नवा पडदा हातात घेतलासुद्धा.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"आईला आज दोन वेळा खुर्चीतच गरगरलं. पंप घे म्हटलं तर ऐकत नाही. आणि ऐका, तिने भुकटी साठवायला सुरुवात केलीय. भाऊजी म्हणाले, कोणा शंकेखोराच्या दृष्टीने दूध आटायची वेळ आलीय. आटलं की मग जी आहे तिचीच शक्ती दसपट होणार."

पान्हेवाल्याने नवा पडदा परत कपाटात ठेवला. दूध गुपचूप बंद झालं तर साडू खोटा ठरणार नव्हता, भविष्यवेत्ता ठरणार होता. आणि सासूबाई दसपट भक्तीने डबा हुंगणार होत्या.

फाटका पाचवा पडदा त्याने होता तसा परत बसवला.

*

शुक्रवारी पाचला चार मिनिटं कमी असताना जलदादा आले. सासूबाई पहिल्या रांगेत, शेजारी बायको. तपासनीस बाईंचा वार नव्हता, तरी त्या आल्या होत्या आणि मागे उभ्या होत्या. घुमणं सुरू झालं. तळवा भिंतीला लागला. पाच वाजले.

काही झालं नाही.

लोक आणखी जोराने घुमले. पाच वाजून एक मिनिट. काही गळे दमले. दोन मिनिटं. घुमणं विरत विरत थांबलं आणि तलावावर अशी शांतता पसरली की कोणाची तरी बाटली गडगडत गेली ती शेवटपर्यंत ऐकू आली.

"आज इथे कोणीतरी शंका घेऊन बसलंय," जलदादा डोळे न उघडता म्हणाले. "पाणी रुसलंय."

तीन मिनिटं. जलदादांचा एक डोळा उघडला. तो घड्याळाकडे गेला, तिथून पंपघराकडे. कपाळावर घाम आला. चौथ्या मिनिटाला त्यांचा धीर सुटला.

"अरे, पंप लाव की!"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"पंप कशाला हवा, दादा?" किटलीवाली भाबडेपणाने म्हणाली. "तुम्ही आहात की."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पान्हेवाला पंपघरातून बाहेर आला.

"दादा, हात काढा भिंतीवरून. दूर बसा, अगदी त्या टोकाला. आई, तुम्ही इकडे या."

"मी?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हीच. दाराबाहेरचं हे हिरवं बटण दिसतंय? दाबा."

सासूबाईंनी थोरल्या जावयाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग बोट पुढे केलं. आत पंप घुमला: घुंऽऽ. अगदी एकशे सतरा माणसांसारखा.

भिंतीतून दूध आलं.

"पान्हा..." किटलीवालीने सुरुवात केली आणि तोंड तसंच उघडं ठेवलं.

"तिकडे खोल बाजूलाही बघा," पान्हेवाला म्हणाला. "उरलेली तीन तोंडं. तिथे तर कोणाचाच हात नव्हता. रोज येतंय तिथूनही. आपण बघत होतो फक्त हाताकडे."

माणसं कडेकडेने धावली. "आहे! इथेही आहे!" पान्हेवाल्याने सासूबाईंना पंप बंद करायला लावला, थोडं थांबून पुन्हा सुरू करायला लावला. पुन्हा ढग. तिसऱ्यांदा एका चाकांच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी बटण दाबलं. पुन्हा ढग, आधीपेक्षा लहान. लोक आता रांग लावू लागले.

"पण येतं कुठून?" कोणीतरी विचारलं.

आता खरं कठीण आलं. पान्हेवाल्याने एकदा बायकोकडे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली.

"चहा गाळताना बघा. गाळणीत चोथ्याचा थर बसला की चहा स्वच्छ येतो. माझ्या टाकीतही कापड नुसतं आधाराला आहे, गाळते ती कापडावर बसलेली ही भुकटी. मळ धरत धरत थर दाटला की दाबाचा काटा दहावरून अठरावर जातो. मग पाणी उलटं सोडून थर धुऊन टाकायचा आणि नवी भुकटी घालायची. एवढंच माझं काम. दुपारी पंप बंद झाला की थर गळून खाली पडतो. पाचला सुरू झाला की परत कापडावर बसतो. कापड धड असेल तर एक कण बाहेर येत नाही. फाटकं असेल, तर थर बसेपर्यंत मिनिटभर त्या फटीतून भुकटी निसटते. हेच तुमचं दूध."

"मग कापड फाडलं कोणी?" जलदादा उसळले. "तूच फाडलंस! मला बदनाम करायला!"

"मीच फाडलं," पान्हेवाला म्हणाला.

काठावरची माणसं जवळ सरकली.

"बदनाम करायला नाही. पडदे रात्रभर भिजवायचे असतात. मी ते तारेच्या ब्रशने घासले, कारण वाढदिवसाला मला तुमच्या आधी पोचायचं होतं. चौदा वर्षांत एक चूक नाही असं मी सांगत फिरलो, म्हणून आठ आठवडे टाकी उघडून बघितली नाही. तुमचे हात तपासले, नखं तपासली, आपली टाकी तपासली नाही. मी जळत होतो तुमच्यावर. पण पंप पाचला लागतो हे तुम्हाला ठाऊक होतं, दादा. मीच सांगितलं होतं. ठाऊक असून तुम्ही लोकांना घुमायला लावलंत, पंपाचा आवाज दबावा म्हणून. आणि ही भुकटी दमेकऱ्यांना हुंगायला दिलीत."

तपासनीस बाई पुढे आल्या. भुकटी म्हणजे काय, वाळल्यावर ती छातीत काय करते, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं आणि पोत्यावरची लाल अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली. एकेक डबा गुपचूप खाली ठेवला जाऊ लागला.

"म्हणजे मी मेलेलं शेवाळ हुंगत होते?" सासूबाई म्हणाल्या.

"हो, आई."

"आणि तुम्हाला आज कळलं?"

"काल कळलं. आधी कळायला हवं होतं."

जलदादा चपला शोधत होते. "लोकांना बरं वाटत होतं," ते कोणाकडेही न बघता पुटपुटले. "बरं वाटलं तर कोणाचं काय गेलं?"

"त्यांना बोलू नका," सासूबाईंनी धाकट्याला हाताने अडवलं. त्यांना धाप लागली होती, पण त्या थांबल्या नाहीत. "खोटं ते खोटंच. पण थोरले रोज दारात येऊन विचारायचे, आई, आज श्वास कसा आहे? तुम्ही पंखा आणलात आणि नंतर दर वेळी पंख्याचीच चौकशी केलीत. चालतो ना, चालतो ना."

पान्हेवाला सासूबाईंच्या जवळ आला. "खरं आहे," तो म्हणाला. मग बायकोच्या पिशवीकडे बोट करून, "आई, माझा पंप तुम्ही सुरू केलात. आता तुमचाही करा."

बायकोने पिशवीतून फवारा काढला. सासूबाईंनी तो घेतला, हलवला, तोंडाला लावला आणि ओढला. काठावरची सगळी माणसं बघत होती आणि कोणी घुमलं नाही.

"एकच सांगतो," पान्हेवाला लोकांना म्हणाला. त्याला भाषणं येत नसत. "काही अजब दिसलं की बघा, जरूर बघा. पण हाताकडे बघू नका, भिंतीमागे बघा. तिथे काय आहे ते कोणालाही विचारा, मलाही विचारा. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका. बटण तिथे आहे, स्वतः दाबून बघा. ज्याला बटण दाबू देत नाहीत, तो चमत्कार घरी न्यायचा नाही."

त्या संध्याकाळी पाचवा पडदा बदलला, साडेतीन किलो नवी भुकटी घातली. काटा दहावर थांबला. शनिवारी पाचला चारही तोंडांवर काळं फडकं बांधून पंप सुरू केला. फडकी काळीच राहिली.

सासूबाईंनी आपला डबा आणि घडी घातलेले कागद तपासनीस बाईंच्या हवाली केले. सत्तर वर्षांची बाई, काहीही फुकट घालवत नसे. एक चिमूटही सांडली नाही, म्हणाल्या. तपासनीस बाईंनी आधी एक न उघडलेली पुडी तागडीत ठेवून पाहिली: भुकटी बरोबर वीस ग्रॅम. मग सासूबाईंचे कागद मोजले: बारा, म्हणजे दोनशे चाळीस ग्रॅम. मग डबा रिकामा करून भुकटीचं वजन केलं.

दोनशे अकरा ग्रॅम.